जीपीएस ट्रॅक फाइलीतून पेस, वेग आणि किलोमीटरचे स्प्लिट कसे काढायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धाव संपली, घड्याळातली फाइल कॉम्प्युटरवर उतरवली, उघडली आणि आत आकड्यांचा नुसता ढीग दिसला, अशा मंडळींसाठी हे पान आहे. घाईत असाल तर एवढं लक्षात ठेवा: अशा फाइलीत वेळ पक्की असते आणि जागा कच्ची. पुढची बहुतेक भानगड यातूनच निघते. पेस म्हणजे एका किलोमीटरला लागणारी वेळ, आणि स्प्लिट म्हणजे धावेच्या एकेका तुकड्याची, बहुधा किलोमीटरची, वेगळी वेळ.

जीपीएक्स फाइलीत वेग आणि अंतर कुठे लिहिलेलं असतं?

कुठेच नाही. जीपीएक्स ही साध्या मजकुराची फाइल, नोटपॅडमध्येही उघडते. आत ‘टीआरकेपीटी’ अशी खूण असलेल्या नोंदी एकाखाली एक असतात. प्रत्येक नोंदीत अक्षांश, रेखांश, बहुधा उंची आणि वेळ. संपलं. या स्वरूपाची १.० आवृत्ती २००२ मध्ये आली तेव्हा बिंदूबरोबर वेग लिहायची सोय होती. २००४ च्या १.१ आवृत्तीने ती काढून टाकली, आणि आज तुमच्या हाती येणारी फाइल बहुधा १.१ चीच असते. हृदयाचे ठोके, पावलांची लय वगैरे सामान ‘एक्स्टेन्शन्स’ नावाच्या माळ्यावर टाकलेलं असतं.

म्हणजे जीपीएक्स चढवल्यावर ॲपमध्ये दिसणारं अंतर हे फाइलीतून वाचलेलं नसतं, मोजलेलं असतं. कुठला बिंदू खरा मानायचा, कुठला फेकायचा, थांबलेला वेळ धरायचा की नाही, हे प्रत्येक ॲपने आपापल्या अकलेने ठरवलेलं असतं. एकच फाइल तीन ठिकाणी चढवली आणि १०.०२, १०.०९ आणि ९.९७ किलोमीटर अशी तीन उत्तरं आली, तर कुणीही खोटं बोलत नाहीये.

फिट, टीसीएक्स, केएमएल, जीपीएक्स: डाउनलोड करताना कोणती निवडू?

फिट मिळत असेल तर फिट. ती बायनरी असते, नोटपॅडमध्ये उघडली तर कचरा दिसेल. पण घड्याळाने धावताना जे नोंदवलं ते तिच्यात असतं: तोवरचं एकूण अंतर, त्या क्षणाचा वेग आणि तुम्ही बटण दाबून पाडलेले टप्पे, म्हणजे लॅपसुद्धा. यातला वेग मोलाचा. जीपीएस रिसीव्हर उपग्रहाच्या सिग्नलच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून, म्हणजे डॉप्लर परिणामावरून, वेग थेट मोजू शकतो. दोन जागांची वजाबाकी करून काढलेल्या वेगापेक्षा तो बराच शांत असतो. जीपीएक्समध्ये उतरवताना हा ऐवज सहसा हरवतो.

फिट स्वतःच्या प्रोग्रामने उलगडणार असाल तर दोन ठिकाणी पाय घसरतो. तिच्यातले अक्षांश-रेखांश अंशात नसून ‘सेमीसर्कल’ या एककात असतात. अंश हवे असतील तर आकड्याला १८० ने गुणून २१४७४८३६४८ ने, म्हणजे २ च्या ३१ व्या घाताने, भागायचं. आणि वेळ ३१ डिसेंबर १९८९ च्या ००:०० वाजल्यापासूनच्या सेकंदांत असते, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे. बहुतेक प्रोग्रामिंग भाषा १९७० पासून मोजतात, त्यामुळे ६३१०६५६०० मिळवल्याशिवाय तारीख जुळत नाही.

टीसीएक्स मधला मार्ग आहे: मजकुराची फाइल, तरीही बिंदूगणिक अंतर आणि लॅप शाबूत. केएमएल नकाशावर रेघ दाखवायला चांगली, पण साध्या रेघेत वेळ नसतेच. शिवाय तिच्यात रेखांश आधी आणि अक्षांश नंतर असा उलटा क्रम असतो. मी एकदा दोन्ही रकाने उलटे घेऊन तासभर अंतरं काढत बसलो होतो. एकूण अंतर थोडं कमी भरत होतं, इतकंच. नकाशावर रेघ काढून बघितली नसती तर चूक कधीच सापडली नसती.

दोन बिंदूंमधलं अंतर नेमकं कुठल्या सूत्राने काढायचं?

सर्रास वापरलं जातं ते हॅवरसाइन. पृथ्वी अगदी गोल चेंडू आहे असं धरायचं, त्रिज्या ६३७१ किलोमीटर. प्रत्यक्षात विषुववृत्तापाशी त्रिज्या सुमारे ६३७८.१ आणि ध्रुवांपाशी ६३५६.८ किलोमीटर आहे, म्हणून हॅवरसाइनचं उत्तर साधारण अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकू शकतं.

अर्धा टक्का म्हणजे काहीच नाही, असं म्हणून लोक पुढे जातात. मला ते पटत नाही. २० अंश अक्षांशावर सरळ उत्तरेकडे धावलात तर एका अंशाचं खरं अंतर ११०.७० किलोमीटर आहे, हॅवरसाइन १११.१९ सांगेल. दहा किलोमीटरमागे ४४ मीटर जास्त. तेच पूर्वेकडे धावलात तर उलट थोडं कमी सांगेल. गोल फेरी मारून घरी परतलात तर दोन्ही चुका काही प्रमाणात एकमेकींना खातात, सरळ रेषेतल्या शर्यतीत खात नाहीत. पृथ्वीचा चपटेपणा धरणारी सूत्रं, उदाहरणार्थ १९७५ चं व्हिन्सेंटीचं, तयार लायब्ररींमध्ये फुकट मिळतात. प्रोग्राम लिहीतच असाल तर तीच वापरा, कष्ट तेवढेच.

प्रोग्रामिंग येत नाही. स्प्रेडशीटमध्ये जमेल का?

जमेल, आणि एकदा तरी हाताने करून बघावंच. आधी जीपीएसबेबल या मोफत प्रोग्रामने जीपीएक्सचं सीएसव्ही (स्प्रेडशीटमध्ये उघडणारी साधी तक्त्याची फाइल) करून घ्या म्हणजे अक्षांश, रेखांश, वेळ असे रकाने मिळतील. लागोपाठचे बिंदू काही मीटरवरच असतात, त्यामुळे जमीन सपाट धरली तरी चालतं. अक्षांशांतला फरक गुणिले १११२०० म्हणजे उत्तर-दक्षिण मीटर. रेखांशांतला फरक गुणिले १११२०० गुणिले अक्षांशाचा कोसाइन म्हणजे पूर्व-पश्चिम मीटर. दोघांच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ, की झालं दोन बिंदूंमधलं अंतर. पुढच्या रकान्यात त्याची चढती बेरीज.

फसायच्या जागा ठरलेल्या आहेत. स्प्रेडशीटला कोन रेडियनमध्ये लागतो, अंशात दिला तर उत्तर येतं पण भलतंच. स्प्रेडशीट वेळ दिवसाच्या अपूर्णांकात ठेवते, म्हणून दोन वेळांच्या फरकाला ८६४०० ने गुणलं की सेकंद मिळतात. एक तासाच्या वरची वेळ मिनिट-सेकंदाच्या साच्यात दाखवली की तास गुपचूप गळून पडतो आणि १:०४:१० चं ०४:१० होतं. आणि हॅवरसाइन लिहायचा हट्टच असेल तर दोन आकडे घेणारं आर्कटॅन्जंट जपून वापरा: एक्सेलमध्ये त्या दोन आकड्यांचा क्रम बहुतेक प्रोग्रामिंग भाषांच्या नेमका उलटा आहे.

प्रत्येक किलोमीटरचा स्प्लिट कसा काढतात? बरोबर १००० मीटरवर बिंदू नसतोच ना?

नसतो, आणि स्प्लिटमधल्या निम्म्या चुका इथेच होतात.

समजा घड्याळ सतत नोंद न करता अधूनमधून करतंय. चढत्या बेरजेत एक बिंदू ९८४ मीटरवर आहे, वेळ ३०७ सेकंद. पुढचा १००६.४ मीटरवर, वेळ ३१४ सेकंद. किलोमीटर या दोघांच्या मध्ये कुठेतरी पूर्ण झाला. सात सेकंदांत २२.४ मीटर, म्हणजे सेकंदाला ३.२ मीटर. ९८४ पासून १००० पर्यंत १६ मीटर, त्याला लागले पाच सेकंद. म्हणजे किलोमीटर ३१२ व्या सेकंदाला संपला: ५:१२. दोन बिंदूंमध्ये वेग स्थिर होता असं धरून वेळ अशी वाटून घ्यायची. हे न करता ‘१००० च्या पुढचा पहिला बिंदू’ उचलला असता तर ५:१४ आलं असतं, आणि पुढचा किलोमीटर दोन सेकंदांनी फुकट वेगवान दिसला असता.

याहून वाईट चूक आहे ती प्रत्येक किलोमीटरनंतर बेरीज शून्यावर आणण्याची. १००६.४ वर किलोमीटर मोजला आणि मोजणी परत शून्यापासून सुरू केली की वरचे ६.४ मीटर हवेत गेले. बिंदू सरासरी बावीस मीटरवर असतील तर दर किलोमीटरला सरासरी अकरा मीटर गळतात. दहा किलोमीटरच्या धावेत शंभरावर मीटर. मग स्प्लिटची बेरीज एकूण अंतराशी जुळत नाही आणि माणूस घड्याळाला शिव्या घालतो. बेरीज शून्यावर आणू नका. १०००, २०००, ३००० या खुणा एकाच चढत्या बेरजेवर शोधा, प्रत्येक खुणेची वेळ काढा आणि शेवटी वेळांची वजाबाकी करा.

मैलाचे स्प्लिट हवे असतील तर खूण १६०९.३४४ मीटरवर, बाकी सगळं तेच.

५.२ म्हणजे पाच मिनिटं वीस सेकंद ना?

नाही. ५.२ मिनिटं म्हणजे ५:१२. दशांशाला ६० ने गुणायचं. साडेसहा मिनिटं कुणी ६:५० म्हणत नाही, पण पडद्यावर ६.५ दिसलं की भलेभले ६:५० वाचतात.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी याच घराण्यातली आणखी एक चूक: मिनिटं आधी कापून घेतली आणि सेकंद नंतर पूर्णांकात आणले की ५:५९.७ चं ५:६० होतं. आधी एकूण सेकंद पूर्णांकात आणा, मग मिनिटं वेगळी करा.

सरासरी पेस आणि सरासरी वेग जुळत नाहीत. असं का?

कारण तुम्ही आकड्यांची सरासरी काढलीत, धावेची नाही. एक किलोमीटर ४:०० ने आणि दुसरा ६:०० ने धावलात. वेग १५ आणि १० किलोमीटर प्रति तास, त्यांची सरासरी १२.५. पण दोन किलोमीटरना दहा मिनिटं लागली, म्हणजे खरा वेग १२. हळू किलोमीटरला वेळ जास्त लागला, म्हणून त्याचं वजनही जास्त. पेसची सरासरी इथे बरोबर येते, ५:००, पण ती तुकडे सारख्या लांबीचे आहेत म्हणून. शेवटचा ३०० मीटरचा तुकडा त्यात मिसळला की तीही बिघडते.

नियम एकच: एकूण वेळ भागिले एकूण अंतर. सरासरींची सरासरी काढूच नका.

एकसारखं धावत होतो, तरी सेकंदागणिक पेसचा आलेख करवतीसारखा का?

आता आलो मूळ दुखण्यावर.

मोकळ्या आकाशाखाली साध्या स्मार्टफोनची जागा साधारण पाच मीटरच्या वर्तुळात बरोबर असते. तुम्ही सेकंदाला तीन मीटर धावता. म्हणजे ज्या पावलाची लांबी मोजायची त्याहून मोजपट्टीचा थरकाप मोठा. सुदैवाने लागोपाठच्या दोन बिंदूंची चूक बरीचशी एकाच दिशेला असते, नाहीतर आलेख नव्हे, झटापट दिसली असती.

त्यात भर म्हणजे आकडे छाटण्याची. काही ॲप जागा साठवताना दशांशानंतर पाचच अंक ठेवतात. पाचव्या स्थानी एक म्हणजे अक्षांशात १.१ मीटर. उदाहरण घ्या: अक्षांश २० अंश, एका सेकंदात अक्षांश आणि रेखांश दोन्ही ०.००००२ ने बदलले. अंतर ३.०५ मीटर, वेग जवळपास ११, पेस ५:२८. आता फक्त अक्षांशाचा शेवटचा अंक छाटताना एकने वर गेला. अंतर ३.९४ मीटर, पेस ४:१४. तुम्ही तेच, पाऊल तेच, एका अंकाने किलोमीटरमागे सव्वा मिनिट पळवलं. फाइलीत सहा-सात अंक असतील तर हा त्रास उरत नाही.

उपाय: एका सेकंदाचा पेस काढूच नका. एखाद्या क्षणाचा पेस हवा असेल तर त्याच्या दहा सेकंद आधीचं आणि दहा सेकंद नंतरचं एकूण अंतर घ्या, वजाबाकी करा, वीसने भागा. हा झाला सेकंदाला मीटरमधला वेग; १००० ला त्याने भागलं की किलोमीटरचा पेस सेकंदांत मिळतो. ही खिडकी किती मोठी हवी ते कामावर ठरतं. लांब, संथ धावेला तीस सेकंद किंवा मिनिटभरही चालेल. २०० मीटरचे वेगवान तुकडे मारत असाल तर तीस सेकंदांची खिडकी तुमचा सगळा जोर पुसून टाकेल, तिथे पाच-दहाच ठेवा. कालमन फिल्टरसारखी भारी हत्यारंही आहेत. पण किलोमीटरच्या स्प्लिटसाठी त्यांची गरज मला कधी भासली नाही, कारण किलोमीटर हीच मुळात एक मोठी खिडकी आहे.

वेग एकदम १२० दाखवतो. तो बिंदू काढून टाकू का?

काढा. उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले, तो सरासरी वेग ताशी ३७.६ किलोमीटर. तुमच्या रविवारच्या धावेत त्याहून मोठा आकडा दिसला तर दोष पायांचा नाही.

मात्र बिंदू काढताना वेळ काढू नका. चुकलेला बिंदू गाळला की त्याच्या आधीचा आणि नंतरचा बिंदू एकमेकांचे शेजारी होतात आणि मधला वेळ त्यांच्यात आपोआप येतो. बिंदू जागेवर ठेवून फक्त त्याचं अंतर शून्य केलंत तर ‘परत येण्याची’ उडी तशीच राहते. चूक जोडीने येते: एकदा दूर जाताना, एकदा परतताना.

मॅरेथॉन ४२.१९५ ची, माझं घड्याळ ४२.७ सांगतं. मार्ग चुकीचा आखला होता?

बहुधा नाही. प्रमाणित शर्यतींचा मार्ग अचूक करून घेतलेल्या सायकलच्या चाकाने मोजतात. तोही धावपटूला शक्य असलेल्या सर्वांत जवळच्या रेषेने, वळणांवर कडेपासून ३० सेंटिमीटर राखून. शिवाय मार्ग आखूड भरू नये म्हणून त्यात मुद्दाम हजारात एक, म्हणजे मॅरेथॉनला ४२ मीटर, जास्तीचे घालतात. तुम्ही मात्र गर्दी चुकवत, पाण्याच्या टेबलाकडे वळत, वळणं बाहेरून घेत धावता. तेवढं अंतर तुम्ही खरंच जास्त धावलेले असता.

उरलेलं जीपीएसचं. इथे एक मजेशीर गोष्ट आहे. जागेतली चूक कधी डावीकडे, कधी उजवीकडे असते, तरी अंतर सरासरीने वाढतंच. सरळ रेघेवरचे बिंदू थोडे हलवा, रेघ नागमोडी होते, आणि नागमोडी रेघ सरळ रेघेपेक्षा लांबच असणार. उलट बिंदू फार विरळ असतील तर वळणं कापली जातात आणि अंतर घटतं. दाट बिंदूंनी वाढ, विरळ बिंदूंनी घट. कधीकधी दोन्ही जुळून उत्तर अगदी बरोबर येतं आणि आपण घड्याळाचं कौतुक करतो.

शर्यतीच्या आखणीसाठी याचा हिशेब आधी करा. चार तासांत पूर्ण करायची तर पेस ५:४१ लागतो. पण तो खऱ्या ४२.१९५ वर. घड्याळात ४२.७ भरणार असतील आणि तुम्ही घड्याळाच्या ५:४१ वर निवांत राहिलात तर पोहोचाल ४:०२:५० च्या आसपास. घड्याळात ५:३७ दिसायला हवं. शर्यत झाल्यावर स्प्लिट काढताना मी रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्यांपाशी दाबलेले लॅप घेतो. तसे लॅप नसतील तर सगळी चढती बेरीज ४२.१९५ भागिले ४२.७ ने गुणून मग खुणा शोधतो. चूक संपूर्ण मार्गावर सारखी पसरलेली नसते, पण काहीच न करण्यापेक्षा हे बरं.

सिग्नलला थांबलो, बूट बांधले. तो वेळ धरायचा की वगळायचा?

शर्यत असेल तर धरायचाच, तिथला कारकून तुमच्या लेसचा विचार करत नाही. सरावात तुमची मर्जी, फक्त कुठला आकडा कुठला ते लिहून ठेवा: ‘एकूण वेळ’ की ‘चालता वेळ’.

चालता वेळ काढायला उंबरठा लागतो. ताशी एक किलोमीटरच्या खाली वेग असेल तर थांबलेला, असं काही प्रोग्राम धरतात. गंमत अशी की थांबलेला माणूसही जीपीएसच्या लेखी थांबत नाही. बिंदू जागच्या जागी भरकटत राहतात आणि नकाशावर लोकरीचा गुंता तयार होतो. त्या गुंत्याची लांबीही बेरजेत जाते. म्हणून थांबा वगळताना त्यातला वेळ आणि त्यातलं अंतर, दोन्ही वगळा. नुसता वेळ वगळलात तर पेस फुकटात सुधारतो.

घड्याळ पॉझ केलं तर बऱ्याच जीपीएक्स फाइलींत ट्रॅकचा नवा तुकडा सुरू होतो. मागच्या तुकड्याचा शेवट आणि नव्याची सुरुवात यांच्यातलं अंतर बेरजेत धरू नका. पॉझ करून शंभर मीटर चालत गेला असाल तर ते शंभर मीटर तुम्ही नोंदवायचे नाहीत असं ठरवलं होतंत.

चढावर अंतर जास्त होतं, मग उंचीही सूत्रात घालू?

नको. दहा टक्के चढ म्हणजे पाय मोडणारा चढ, पण त्याने किलोमीटरमागे अंतर वाढतं फक्त पाच मीटर. याउलट जीपीएसची उंची जागेपेक्षाही कच्ची असते. ती दर सेकंदाला सूत्रात घातली की तिचा सगळा थरकाप अंतरात मिसळतो. फायदा पाच मीटरचा, तोटा त्याहून मोठा. हवेच्या दाबावरून उंची मोजणारं घड्याळ असेल तर चूक कमी, पण फायदा तरीही पाचच मीटर.

मैदानावरच्या ४०० मीटरच्या ट्रॅकवर स्प्लिट नेहमी चुकतात.

चुकणारच. वळणाची त्रिज्या ३६.५ मीटर. वीस मीटरवर एक बिंदू असेल तर प्रत्येक कमानीऐवजी तिची जीवा मोजली जाते आणि फेरीमागे जवळपास तीन मीटर गळतात. दाट बिंदू घेतले तर थरकाप आत येतो. शिवाय ४०० मीटर हे फक्त पहिल्या लेनचं माप, आठव्या लेनला फेरी सुमारे ४५३ मीटरची होते. इथे जीपीएस विसरा. प्रत्येक फेरीला बटण दाबा, फाइलीतून फक्त लॅपच्या वेळा घ्या, अंतर तुम्हाला आधीच माहीत आहे. काही घड्याळांत यासाठी वेगळा ट्रॅक मोड असतो, तो लेन विचारतो आणि अंतर त्या मापावर बसवतो.

फाइलीत वेळच नाही. पेस काढता येईल का?

नाही. ती आखलेल्या मार्गाची फाइल आहे, किंवा निर्यात करताना कुणीतरी वेळ गाळली आहे. अंतर मिळेल, पेस नाही. एखाद्या साधनाने तरीही पेस दाखवला तर तो त्याने मनाने घातलेला आहे.

वेळ कित्येक तासांनी पुढेमागे दिसते. स्प्लिट बिघडतील का?

स्प्लिट वेळांच्या फरकांवर चालतात, त्यामुळे नाही. जीपीएक्समधली वेळ यूटीसी असते, म्हणून ती तुमच्या घड्याळाशी जुळत नाही. जुन्या यंत्रांत तारीख जवळपास वीस वर्षं मागे गेलेलीही दिसते. जीपीएसचा मूळ सिग्नल आठवडे १०२४ पर्यंतच मोजतो आणि पुन्हा शून्यावर येतो, असं शेवटचं एप्रिल २०१९ मध्ये झालं. तरीही स्प्लिट तेच राहतात. अपवाद एकच: दोन वेगवेगळ्या यंत्रांच्या फाइली जोडत असाल तर. जीपीएसचं स्वतःचं घड्याळ यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. एखाद्या यंत्राने ती दुरुस्ती केली नसेल तर जोडावर नेमका तेवढाच खड्डा दिसतो.

फाइल मोठी आहे म्हणून ‘सिम्प्लिफाय’ केली. आता स्प्लिट वेगळे येतात.

मूळ फाइल ठेवली आहे ना? ती वापरा. बिंदू कमी करणारी डग्लस-प्यूकर ही पद्धत फक्त रेघेचा आकार जपते. सरळ रस्त्यावरचे मधले सगळे बिंदू तिच्या दृष्टीने अनावश्यक असतात. पण त्याच रस्त्यावर तुम्ही अर्धा वेळ धावलात आणि अर्धा वेळ चाललात, ही माहिती त्या बिंदूंमध्येच होती. नकाशा सुंदर राहतो, पेस सपाट होतो.

कुठली साधनं वापरू?

पायथन येत असेल तर ‘जीपीएक्सपाय’ लायब्ररीने फाइल चार ओळींत वाचता येते, किलोमीटरच्या खुणांचा हिशेब मात्र स्वतः लिहा. कोड नको असेल तर सायकलवाल्यांचा लाडका गोल्डनचीता हा मोफत प्रोग्राम फिट, टीसीएक्स, जीपीएक्स तिन्ही उघडतो. रूपांतरासाठी जीपीएसबेबल वर आलंच.

स्प्लिट मित्रांना पाठवायचे आहेत, फाइल पाठवू?

स्प्लिटचा तक्ता पाठवा. फाइलीचा पहिला बिंदू बहुतेकदा तुमच्या दाराचा असतो, आणि शेजारीच तुम्ही घरातून किती वाजता निघता हेही लिहिलेलं असतं. फाइल द्यायचीच असेल तर सुरुवातीचे आणि शेवटचे काहीशे मीटर कापा, पण स्प्लिट काढून झाल्यावर. आधी कापलंत तर सगळ्या खुणा तितक्याच सरकतील.

मागच्या आठवड्यात ५:१२, या आठवड्यात ५:१०. सुधारणा झाली का?

फाइलीवरून सांगता येणार नाही. किलोमीटरच्या मापात एक टक्का चूक धरली, आणि झाडी किंवा उंच इमारती असतील तर तेवढी सहज होते, तर ५:१२ च्या पेसवर तीन सेकंद होतात. तोच मार्ग, तेच घड्याळ ठेवून पाच-सहा धावांचे त्या किलोमीटरचे स्प्लिट एकाखाली एक लिहून बघा. किंवा रस्त्यावरच्या दोन ठरलेल्या खुणा निवडा, दोन्हींपाशी बटण दाबा आणि फक्त वेळेची तुलना करा. तिथे जीपीएसचा संबंधच उरत नाही.